साठ लिटरचा ड्रम की दोन लिटरच्या बाटल्या? एका घराच्या आपत्कालीन पाणीसाठ्याचं प्रकरण

हे प्रकरण पाच जणांच्या एका घराचं आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत. माणसांना इथे बाबा, आई, आजी, मोठी आणि धाकटा एवढंच म्हटलं आहे. घरोघरी आपत्कालीन संच लावून द्यायला मी मदत करते. या घरात माझं काम फक्त पाण्यापुरतं होतं, कारण बाकीचं सगळं त्यांनी आधीच नीट केलं होतं.

पार्श्वभूमी

घर इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मनगटं दुखरी, पण चालत्याफिरत्या. मोठी तेरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. आई-बाबा दोघेही दिवसभर बाहेर. पाठीवरच्या पिशवीत टॉर्च, रेडिओ, औषधं, कागदपत्रांच्या प्रती, शिट्टी असं सगळं भरलेलं होतं. पाण्यासाठी कोठीच्या खोलीत वीस लिटरचा एक कॅन भरून ठेवलेला होता आणि त्यावर सगळे निर्धास्त होते.

मग एकदा वीज बराच वेळ गेली. पंप बंद पडला म्हणून नळ कोरडे झाले, लिफ्टही थांबली. कॅन उघडला तर पाण्याला थिनरचा वास. कॅन घट्ट बंद होता, कुणी त्यात काही ओतलं नव्हतं. पण रंगकामाचे उरलेले डबे त्याच्या शेजारीच होते. कॅनचं जाड प्लास्टिक पाण्याला अडवतं, मात्र पेट्रोल, थिनर किंवा कीटकनाशकाच्या वाफा त्यातून हळूहळू आत झिरपू शकतात. पाणी फेकावं लागलं. शेजाऱ्यांनी दोन बाटल्या दिल्या म्हणून रात्र निभावली.

अडचण काय होती

बाबांच्या मते अडचण सोपी होती : कॅन चुकीच्या जागी होता आणि पाणी कमी होतं. हिशोबही त्यांनी मांडून ठेवला होता. पिणं, थोडा स्वयंपाक आणि हात-तोंड धुणं धरून माणशी रोज सुमारे चार लिटर, किमान तीन दिवस, पाच माणसं. म्हणजे साठ लिटर. आणि साठ लिटरचा ड्रम मिळतो. एकदा आणायचा, भरायचा, विषय संपला.

हिशोब बरोबर होता. आपत्ती व्यवस्थापनात हाच आकडा किमान म्हणून सांगितला जातो, आणि जमलं तर दोन आठवड्यांचा साठा करा असंही सांगतात. दोन आठवड्यांचे या घराला २८० लिटर लागले असते. तो विचार पहिल्याच बैठकीत जागेअभावी बाजूला पडला.

माझी शंका वेगळी होती. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. भरलेला ड्रम साठ किलोंच्या वर जाणार. तो जिथे भरला तिथेच राहणार. घर सोडायची वेळ आली तर त्यातला एक थेंबही सोबत येणार नाही. शिवाय दुपारी घरात फक्त आजी आणि धाकटा असतात. संकट रविवारी सकाळी सगळे घरात असताना येईल असं कुणी ठरवून दिलेलं नाही. म्हणून मी विचारलं, ‘दुपारी तीन वाजता या ड्रममधून पेला भरून कोण घेणार?’ यावर थोडी शांतता झाली. मग आजीच म्हणाल्या, ‘मला तर तुमचा आत्ताचा कॅनसुद्धा तिरका करता येत नाही.’

इथे प्रश्नाचे दोन तुकडे झाले. घरातच अडकून पडलो तर लागणारं पाणी वेगळं आणि घर सोडून निघालो तर लागणारं पाणी वेगळं. दोन्हींसाठी एकच भांडं शोधत बसणं हीच खरी अडचण होती, असं मला आजही वाटतं.

कोणते पर्याय तोलले

ड्रमची बाजू अगदीच लंगडी नव्हती. जागा कमी खातो, लिटरमागे स्वस्त पडतो, धुवायचा तर एकदाच. पण एका भांड्यात सगळं पाणी ठेवलं की एक चीर किंवा एक घाणेरडा मग सगळ्या साठ्याचा निकाल लावतो. रुंद तोंडाच्या भांड्यात हात आणि मग बुडतातच, कितीही बजावलं तरी. साठवलेलं पाणी बहुतेक वेळा असंच, घरातच बिघडतं. म्हणून अरुंद तोंड, घट्ट बूच आणि जमलं तर तोटी हा नियम ड्रमच्या विरोधात गेला.

वीस लिटरचा कॅन बाबांना अजूनही हवा होता. तो त्यांना उचलतो, आईंना कसाबसा. दहा लिटरचा मोठीला उचलता येतो का हे कुणालाच माहीत नव्हतं.

दोन लिटरच्या पेट बाटल्या, म्हणजे शीतपेयांच्या रिकाम्या, हा फुकटचा पर्याय. आईंना त्यांच्याबरोबर दुधाचे प्लास्टिकचे कॅनही वापरायचे होते. ते आम्ही नाकारले. दुधातली प्रथिनं आणि फळांच्या रसातली साखर प्लास्टिकला अशी चिकटून राहते की धुऊनही पूर्ण जात नाही, आणि त्या थरावर जंतू वाढतात. शीतपेयाची बाटली मात्र नीट धुतली की चालते.

घडी होणाऱ्या पिशव्या मोठीला फार आवडल्या होत्या. रिकाम्या असताना हातरुमालाएवढ्या. पण भरल्यावर त्या निसटतात, टोकदार वस्तूने फुटतात आणि वारंवार घडी पडते तिथे विरतात. कायम भरून ठेवण्यासाठी त्या नकोत. वाटेत कुठे पाणी मिळालं तर भरून घ्यायला एक रिकामी पिशवी सोबत असणं मात्र शहाणपणाचं. काचेच्या बरण्यांवर फार वेळ घालवला नाही : जड, आणि भूकंपात फुटणाऱ्या.

स्टीलची बाटली हा एकच पर्याय असा होता की ज्यात पाणी थेट आचेवर उकळता येतं. बाबांनी लगेच एक आणली. ती निघाली दुपदरी, गरम-गार टिकवणारी. अशी बाटली आचेवर ठेवायची नसते. दोन पदरांमधल्या बंद पोकळीमुळे ती फुटू शकते. ती धाकट्याच्या शाळेच्या दप्तरात गेली आणि संचासाठी एकपदरी आणली. उकळताना बूच काढूनच ठेवायचं, हे बाटलीवरच लिहून टाकलं.

भांड्याच्या तळाशी त्रिकोणात छापलेल्या आकड्यावरून एक छोटा वाद झाला. बाबांनी वाचलं होतं की ‘२’ म्हणजे एचडीपीई, म्हणजे पाण्याला सुरक्षित. अर्धंच खरं आहे. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, ते भांडं खाण्यापिण्यासाठी बनवलंय की नाही हे सांगत नाही. रसायनांच्या बादल्याही ‘२’ आकड्याच्याच असतात. म्हणून पेला आणि काटा यांचं चिन्ह असलेले, अन्नपाण्यासाठीच बनवलेले आणि कोरे कॅनच घ्यायचे ठरलं. आधी दुसरं काही भरून वापरलेला कॅन कितीही स्वच्छ दिसला तरी नको.

निर्णय कसा झाला

कागदावर आणखी चर्चा करण्यापेक्षा उचलून पाहिलं. शेजारून वेगवेगळ्या मापाचे कॅन उसने आणले, भरले आणि एक साधी परीक्षा ठरवली : जमिनीवरून उचलायचा, टेबलावर ठेवायचा, पेलाभर पाणी न सांडता ओतायचं.

वीस लिटरचा कॅन एकट्या बाबांनी उचलला, पण ओतताना त्यांनीही अर्धा पेला फरशीवर सांडला. दहा लिटरचा आईंनी सहज आणि मोठीने दोन दमांत टेबलावर ठेवला. ओतायला मात्र दोघींनाही तोटीच हवी होती. आजींना पाच लिटरचाही दोन्ही हातांनी धरून थरथरतच ओतता आला. दोन लिटरची बाटली त्यांनी एका हाताने ओतली आणि धाकट्यानेही दोन्ही हातांनी ओतली. या परीक्षेनंतर ड्रमचं नाव कुणी काढलं नाही.

घरातल्या साठ्यासाठी दहा लिटरचे चार कॅन आणि दोन लिटरच्या दहा बाटल्या ठरल्या. बेरीज तीच, साठ लिटर. फरक इतकाच की त्यातले वीस लिटर घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या हाताला पेलणारे होते. ते आजींच्या खोलीतच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहणार होते.

निघायच्या पिशव्यांवर जास्त घासाघीस झाली. बाबा पाठीवर पाच लिटर घ्यायला तयार होते. पण त्यांची पिशवी पाण्याशिवायच नऊ किलोंची भरली होती, आणि उतरताना एका हाताला आजी असणार होत्या. शेवटी बाबा दोन लिटर, आई दोन, मोठी एक, आजी आणि धाकटा अर्धा-अर्धा असं ठरलं. एकूण सहा लिटर. पाच माणसांना हे पाणी एक दिवसही धड पुरत नाही आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. सोबतचं पाणी पुढच्या पाण्यापर्यंत पोचवण्यापुरतंच असतं. म्हणून भांड्यांइतकीच पाणी शुद्ध करण्याची सोय महत्त्वाची ठरली : रिकामी घडीची पिशवी, गाळायला स्वच्छ सुती कापड, क्लोरीनच्या गोळ्या आणि ती एकपदरी स्टीलची बाटली. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि सुमारे दोन हजार मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं, एवढं उकळलं की पाण्यातले जंतू मरतात. रसायनं मात्र उकळून जात नाहीत. थिनरचा वास आठवत असल्याने हे त्यांना समजावावं लागलं नाही.

प्रत्यक्ष कृती

नवे कॅन आणल्याआणल्या भरले नाहीत. आधी प्रत्येकात थोडं पाणी घालून बूच लावलं आणि रात्रभर वर्तमानपत्रावर उलटे ठेवले. सकाळी एकाखालचा कागद ओला होता. बुचातली रबरी चकतीच नव्हती. दुसऱ्या एका कॅनची तोटी थेंब थेंब गळत होती. नवी भांडी गळतात, हे लोकांना खरं वाटत नाही.

तोटीवर मात्र थांबून विचार केला. तोटी बसवून कॅन महिनोन्‌महिने ठेवला तर गळतीची ती एक कायमची जागा. म्हणून साठवताना साधं घट्ट बूच आणि तोटी धुऊन, वाळवून, एका पिशवीत घालून कॅनच्या मुठीला बांधलेली. वापरायच्या वेळी बूच काढून तोटी बसवायची आणि कॅन टेबलाच्या कडेला ठेवायचा. मोठीने हे अंधारात, टॉर्चच्या उजेडात एकदा करून पाहिलं.

मग धुणं. साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ विसळल्यावर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर, म्हणजे छोटा चमचाभर, बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून ते द्रावण प्रत्येक भांड्यात हलवून सगळीकडे लागेल असं फिरवलं. अर्धा मिनिट थांबून ओतून टाकलं आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा विसळलं. बुचं आणि त्यांचे आटेही त्याच द्रावणातून काढले. स्टीलची बाटली यातून वगळली, कारण क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. नळाला शुद्ध केलेलं पाणी येत असल्याने भरताना वेगळं औषध घातलं नाही. विहिरीचं किंवा टँकरचं असतं तर पाच ते नऊ टक्के तीव्रतेच्या साध्या ब्लीचचे लिटरमागे दोन थेंब घालून अर्धा तास ठेवावं लागलं असतं.

दोन कॅन स्वयंपाकघराच्या खालच्या कप्प्यात, दोन पलंगाखाली. सगळे एका जागी नाहीत, उन्हात नाहीत, रंगाच्या डब्यांच्या आसपास नाहीत. उन्हात पाण्यात शेवाळ धरतं आणि प्लास्टिकही ठिसूळ होत जातं, म्हणून बाल्कनी बाद. प्रत्येक भांड्यावर ‘पिण्याचं पाणी’ आणि भरल्याची तारीख. सहा महिन्यांनी बदलायचं. चिकटपट्ट्या लिहिण्याचं काम धाकट्याने मागून घेतलं आणि अक्षर लागतंय तोवर माझी हरकत नव्हती.

काय घडलं

आठ महिन्यांनी मुख्य जलवाहिनी फुटली आणि अडीच दिवस पाणी आलं नाही. वीज होती, गॅस होता, घर सोडायची वेळ आली नाही. म्हणजे परीक्षा अर्ध्याच संचाची झाली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की सहा महिन्यांची तारीख उलटून गेली होती आणि पाणी कुणी बदललं नव्हतं. घट्ट बंद भांड्यातलं स्वच्छ पाणी ठरलेल्या दिवशी एकदम खराब होत नाही. वास नव्हता, रंग नव्हता. तरी पिण्यापुरतं उकळून घेतलं. चव सपक लागत होती. दोन भांड्यांतून वरखाली ओतल्यावर बरी झाली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पहिल्या संध्याकाळपर्यंत दोन कॅन रिकामे झाले होते. प्यायलं गेलं होतं जेमतेम आठ लिटर. बाकीचं शौचालयात गेलं. माणशी चार लिटरच्या हिशोबात फ्लश धरलेलाच नसतो, आणि एका फ्लशला सहा-सहा लिटर सहज जातात. या घरात वापरायच्या पाण्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता, कारण सगळी चर्चा पिण्याच्या भांड्यांभोवती फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी प्रत्येकाच्या नावाची एक बाटली काढून ठेवली आणि भांडी-हात धुतलेलं पाणी बादलीत साठवून फ्लशला वापरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नळ आले तेव्हा एक कॅन आणि चार बाटल्या शिल्लक होत्या.

तोटीने एकदा दगा दिला. कॅनमधून पाणी गचके देत येऊ लागलं आणि मग थांबलंच. वर हवा शिरायला वाट नव्हती. ज्या कॅनला हवेचं वेगळं छोटं बूच होतं, त्याचं चाललं. दुसऱ्याला दर वेळी तोटीच जराशी ढिली करावी लागली आणि टेबल ओलं झालं.

दोन्ही दिवस दुपारी आजी आणि धाकटा यांनी बाटल्यांवरच भागवलं. कॅनला त्यांनी हात लावला नाही.

निघायच्या पिशव्यांची तालीम नंतर एका सुट्टीच्या दिवशी जिने उतरून केली. मोठीने हौसेने घडीची पिशवी भरूनच घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर ती हातातून निसटली. फुटली नाही, पण तिचा मुद्दा निकालात निघाला. बाबांचे दोन लिटर त्यांना हलके वाटले, आजींना आधार देताना मात्र नाही.

आता करायचं तर काय बदलेन

उचलून पाहण्याची परीक्षा खरेदीच्या आधी झाली हे या प्रकरणातलं सगळ्यात नशीबवान पाऊल. पुढे प्रत्येक घरात ती पहिल्या बैठकीतच घेते. घेताना दुपारच्या वेळी घरात नसणारी माणसं वगळते आणि असणारी मोजते.

वापरायच्या पाण्यासाठी वेगळी सोय पहिल्या दिवसापासून हवी. या घराने त्यासाठी थिनरच्या वासाचा तो जुना कॅनच ठेवला आहे, त्यावर मोठी लाल फुली मारून, शौचालयात. मला हे पटलेलं नाही. अंधारात, घाईत फुली दिसत नाही आणि नळी, मग, तोटी यांची अदलाबदल होते. झाकणाची रिकामी बादली याहून बरी. बाबांचं म्हणणं आहे की चांगलं भांडं फेकायचं कशाला. हा वाद चालू आहे.

गरम पाण्याच्या टाकीचा विचार कुणालाच सुचला नाही. बंबाच्या टाकीत त्या अडीच दिवसांत भरपूर पाणी पडून होतं. वीज बंद करून, पाणी निवू देऊन आणि आत येणारा नळ बंद करून खालच्या तोटीतून ते काढता येतं. ही जागा आता संचाच्या यादीत लिहिलेली आहे.

पाणी बदलण्यासाठी ‘सहा महिन्यांनी’ ही आठवण पुरत नाही. आता पहिल्या चारही कॅनच्या तारखा वेगवेगळ्या आहेत आणि दीड महिन्याने एक कॅन निघतो. जुनं पाणी झाडांना आणि फरशीला जातं. एका वेळी दहा लिटर बदलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. साठ लिटर एकदम बदलायचं म्हटलं की ते पुढच्या रविवारवर जातं.

साठा तीन दिवसांवरून आठवड्यावर न्यावा असं माझं मत आहे. त्याला आणखी आठ कॅन लागतील. घरात जागा चारांची आहे, तेव्हा तूर्त चारच वाढले आहेत, आणि नवे घेताना हवेचं बूच पाहून घेतले.

गाडीत पाणी ठेवायचं का, हा प्रश्न शेवटी आला. बंद गाडी उन्हात तापते, त्यामुळे तिथे पेट बाटली महिनोन्‌महिने ठेवू नये. स्टीलची एकपदरी बाटली चालेल, पण थंडीत गोठण्याची शक्यता असेल तर काठोकाठ भरायची नाही. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, तेवढी जागा वर सोडायची. बाबांनी दोन बाटल्या ठेवल्या आहेत आणि गाडी धुतली जाते त्या दिवशी त्यातलं पाणी बदलतात.